पापलेटची पिल्लं ताटात नकोत

मासे खाणाऱ्या प्रत्येक घराकडे आज एकच मागणं आहे : तळहातात मावणारं पापलेट विकत घेऊ नका.

2023 साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचे मच्छीमार त्यासाठी आग्रही होते, कारण त्यांच्या गावाचं नाव आणि चूल दोन्ही याच माशावर चालत आली. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचाही नाही. कायदा झाला, मान मिळाला, आणि बाजारात पिल्लांचे वाटे लागतच राहिले.

लागतात, कारण आपण ते घेतो. मोठं पापलेट परवडत नाही, त्यातलं बरंचसं निर्यातीला जातं. शिवाय हॉटेलांनी आपल्याला एका ताटात एक अख्खं पापलेट खायची सवय लावली आहे. ताटात बसेल एवढा मासा म्हणजे बहुधा ज्याने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत असा मासा. तो संपला की त्याच्यामागची पिढीही संपते.

मासे सोडा, असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावर मासळी हे रोजचं अन्न आहे. पण ज्या जिवावर आपण जगतो, त्याला निदान एकदा वीण होईपर्यंत समुद्रात राहू देणं, एवढं तर आपण त्याचं देणं लागतो. फक्त कोंबडी खाणाराही यातून सुटत नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात सापडलेली कितीतरी बारीक मासळी वाळवून, दळून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते.

सगळा दोष लहान होडीवाल्या कोळ्याच्या माथी मारू नये. 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची मासेमारीबंदी पुरत नाही, ती वाढवा, असं सातपाटीचे मच्छीमारच सांगत आले आहेत. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली, तरी त्याविरुद्ध मच्छीमारांनाच पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागतं. डोल जाळ्याच्या बारीक आसात, म्हणजे छिद्रांत, पिल्लं अडकतात हेही खरं आहे. पण पिल्लाला गिऱ्हाईकच नसेल, तर आस मोठा करायला कोण नाही म्हणेल?

बाजारात जाताना मोजपट्टी लागत नाही. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण 17-18 सेंटीमीटर भरतात. कायद्याची मर्यादा याहून कमी आहे, आपण आपली थोडी वर ठेवू. हाताच्या या मापाहून लहान पापलेट दिसलं तर कोळणीला स्पष्ट सांगा, "मावशी, पिल्लं नकोत." त्या दिवशी बांगडा घ्या, तारली घ्या, मांदेली घ्या. मांदेली पूर्ण वाढली तरी लहानच असते, तिची आणि पापलेटच्या पिल्लाची गल्लत करू नका. हॉटेलात छोटं पापलेट पुढे आलं तर परत पाठवा आणि कारणही सांगा. लग्नाच्या जेवणाचं कंत्राट देताना ही अट आधीच घाला.

आणि मत्स्यव्यवसाय विभागाला पत्र लिहा : लांबीची तपासणी बंदरावर, मासळी उतरते तिथेच झाली पाहिजे. येत्या नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जातील. त्यानंतरच्या पहिल्या बाजारापासून सुरुवात करा.