आधी फोटो, मग किट

"मॉडर्न टँकचं किट घ्यायचंय, कुठलं घेऊ?" असं विचारणारी मंडळी बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये बारा टॅब उघडून बसलेली असतात. एकात टामिया, दुसऱ्यात मेंग, तिसऱ्यात राय फील्ड, पुढे यूट्यूबवरचे चार रिव्ह्यू आणि शिवाय एक एक्सेल शीट. शीटमधले कॉलम कुठले? किंमत, पार्ट काउंट, नळी धातूची आहे का, आतलं इंजिन दिलंय का. म्हणजे मोबाईल घेताना आपण जे करतो तेच. रिक्वायरमेंटचा पत्ता नाही आणि कंपॅरिझन मात्र जोरात.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आधी फोटो निवडा, मग किट. नुसता 'लेपर्ड' किंवा 'एब्रम्स' नको. एका ठरावीक दिवशी, ठरावीक जागी उभा असलेला एक रणगाडा. तो सापडला की एक्सेलमधले निम्मे कॉलम आपोआप उडतात.

उदाहरणाला लेपर्ड २ घेऊ, कारण बाजारात याच्या किटचा सुकाळ आहे. हा रणगाडा १९७९ साली जर्मन सैन्यात आला आणि अजून सेवेत आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर चाळीसहून अधिक वर्षं मेंटेनन्सखाली असलेला लेगसी कोड! ए४ घेतलात तर टरेटचा चेहरा भिंतीसारखा सपाट, उभा. ए५ पासून त्याच चेहऱ्यावर पाचरीच्या आकाराचं जादा चिलखत आलं. ए६ मध्ये तोफ बदलली. १२० मिलिमीटर व्यासाची नळी आधी ४४ कॅलिबर लांब होती, ती ५५ झाली. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या किती पट लांबी. तेव्हा ११ गुणिले १२०, म्हणजे खऱ्या रणगाड्यावर १.३२ मीटरचा फरक. १:३५ मध्ये तो पावणेचार सेंटिमीटर होतो, म्हणजे शोकेसच्या काचेबाहेरूनही दिसतो. (शोकेसची खोली आधी मोजा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.)

आता १:३५ हा आकडा आला कुठून? याचं उत्तर मला फार आवडतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टामियाने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या आणि मोटर बसायला हवी होती, म्हणून बॉडीचा आकार त्या हिशोबाने ठरला. नंतर मोजलं तर प्रमाण साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचं भरलं. अशा रीतीने बॅटरीच्या सोयीसाठी घेतलेला निर्णय पुढे जगभरचं स्टँडर्ड होऊन बसला. ज्यांनी कधी प्रॉडक्शनमध्ये 'टेम्पररी फिक्स' टाकलाय त्यांना यात नवल वाटू नये.

असो. तर फोटो. समजा तुम्ही जर्मनीत सरावाला निघालेला एक ए६ निवडलात. हिरवा, तपकिरी, काळा असा तीन रंगांचा कॅमोफ्लाज, बाजूचे पत्रे जागेवर, खाली चिखल. आता फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही ते बघा. बाजूच्या पत्र्यांमुळे पट्ट्यांचा वरचा अर्धा भाग झाकलेला असतो. एका बाजूच्या पट्ट्याला ८२ कड्या. महागड्या किटमध्ये एकेक कडी तीन-चार तुकडे जोडून करायची असते, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेच्या वर तुकडे, आणि त्यातलं निम्मं काम पत्र्याआड जाणार. तीच गोष्ट आतल्या भागाची. राय फील्डचं ए६ आतल्या इंजिनासकट, दारूगोळ्यासकट मिळतं. ते बघून जीव खुळावतो, कबूल. पण टरेट बंद केला की ते सगळं देवाला माहीत आणि तुम्हाला माहीत.

शनिवार-रविवार मिळून आपल्या हातात तीन-चार तास असतात. तेवढ्या वेळात पट्ट्याच्या कड्या करत बसलेला माणूस दोन महिन्यांनी कंटाळतो आणि खोका माळ्यावर जातो. असे खोके घरोघरी आहेत. टामियाचं ए६ जुनं आहे, लवचिक पट्ट्यांचं आहे, पण त्याचे सुटे भाग एकमेकांत असे बसतात की तीन-चार वीकेंडमध्ये बांधणी उरकते आणि रंगाला वेळ उरतो. मॉडर्न रणगाड्यात खरी मजा रंगातच आहे, कारण आकार म्हणाल तर सगळ्या सपाट पाट्या आणि पेट्या. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला हेच घ्या. एक उणीव मात्र सांगतो. खऱ्या लेपर्डवर माणसं चढतात त्या पृष्ठभागांवर पाय घसरू नये म्हणून खरखरीत थर असतो, तो या किटवर नाही. पुट्टी थिनरने पातळ करून जुन्या ब्रशने टोचत टोचत लावली की काम होतं. कुठे लावायची? फोटो बघा.

रंगाच्या बाबतीत तर फोटोशिवाय हमखास फसगत. आपल्याकडच्या मंडळींना गंजाचा भारी सोस. दिसेल तिथे तांबूस रंग. पण लेपर्ड २ ची चाकं अ‍ॅल्युमिनियमची असतात, ती गंजणार कशी? घासली तर चंदेरी दिसतात. पट्ट्यांना खाली रबराचे ठोकळे असतात, त्यामुळे आख्खा पट्टा पोलादी चमकवणंही चूक. रबर काळपट करडं, आणि मधले दाते चाकाला घासून जिथे लखलखतात तेवढीच चमक द्यायची. शांततेच्या काळातल्या सैन्यात रणगाडा धुतला जातो, रंगवला जातो. तो भंगारात पडलेल्या बसगाडीसारखा दिसत नाही.

खरा रणगाडा जवळून बघायचा असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहेच. तिथे लेपर्ड नाही. पॅटन आहे, सेंच्युरियन आहे, आपला विजयंता आहे. तिथले रणगाडे रंगरंगोटी करून ठेवलेले, त्यामुळे धूळ-चिखल शिकायला उपयोग नाही. पण पॅटनच्या ओतीव टरेटचा खडबडीत पोत आणि वेल्डिंगची जाडी एकदा नजरेत बसली की प्लास्टिककडे बघायची दृष्टी बदलते.

आता जरा अवघड मुद्दा. दुसऱ्या महायुद्धाच्या टायगरवर धूर आणि जखमा रंगवताना कुणाला फारसं काही वाटत नाही. ऐंशी वर्षं झाली. मॉडर्न रणगाड्याचं तसं नाही. मार्च २०२३ मध्ये जर्मनीने १८ लेपर्ड २ए६ युक्रेनला पोचवले. जूनमध्ये झापोरिझ्झिया भागात माला तोकमाचकाजवळ सुरुंगांच्या पट्ट्यात ब्रॅडली गाड्यांच्या गर्दीत अडकून पडलेल्या लेपर्डचे फोटो जगभर फिरले. त्या दृश्याचे डायोरामा करणारेही आहेत. लेपर्डमध्ये चार जण असतात : कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. ज्या वयात आपण ऑनसाइटची वाट बघतो त्या वयाची पोरं. काही वाचली असतील, काही नसतील, आणि त्यांच्या आया आज हयात आहेत.

मग करायचंच नाही का? मी तसं म्हणत नाही. छंदातून युद्ध वगळा म्हणणं म्हणजे रणगाड्याला ट्रॅक्टर म्हणणं. पण इथेच फोटोची अट मला सर्वात जास्त पटते. 'जळालेला लेपर्ड' असा जेनेरिक इफेक्ट, मस्त दिसतो म्हणून नारिंगी-काळा फवारा, हे मला झेपत नाही. मात्र एखाद्याने तो विशिष्ट रणगाडा, ती तारीख, ती जागा शोधून काढली, तो तिथे का अडकला हे वाचलं आणि मग तेच मांडलं, तर तो त्या चौघांना निदान ओळखायचा प्रयत्न तरी करतोय. त्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर मी सरावातला चिखल रंगवीन, तिथेच थांबेन. तुमचं मत वेगळं असू शकतं.

फोटो शोधताना एक पथ्य पाळा. समोरून, बाजूने, मागून असे त्याच रणगाड्याचे निदान तीन फोटो हवेत. नंबर प्लेट किंवा टरेटवरची खूण जुळते का ते तपासा, नाहीतर पुढची बाजू एका बटालियनची आणि मागची दुसरीचीच व्हायची. किटमधल्या डेकॅल्समध्ये तो नंबर नसेल तर जवळचा नंबर लावून मोकळे व्हा.

बाकी हत्यारं म्हणाल तर सुरुवातीला चांगला निपर, धारदार कटर, बारीक पॉलिश पेपर आणि पातळ सिमेंट पुरे. एअरब्रशचा निर्णय तीन रंगांच्या कॅमोफ्लाजपर्यंत पुढे ढकलता येतो. टामियाच्या बाटल्यांत नाटो ग्रीन, ब्राउन आणि ब्लॅक असे तिन्ही रंग तयार मिळतात, आपण मिसळत बसायला नको. थिनर वापरताना खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क. वन बीएचकेत राहत असाल तर याबाबत घरच्यांशी आधी बोलून घेतलेलं बरं.

आणि हो, पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या दमट हवेत लॅकर मारलात तर त्यावर पांढुरकी झाक येते. तेव्हा जून-जुलैत फोटो शोधा, ऑगस्टात बांधणी करा. रंगाला दसऱ्यानंतर हात लावा.