पुस्तक राहिले बाजूला!

दिवाळी अंक हाती घेणाऱ्याला फराळाच्या ताटाशेजारी काहीतरी खुसखुशीत हवे असते, हे मी जाणून आहे. तरीही आज मी थोडे कडू बोलणार आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट पायाखाली चिरडतो आणि त्याचा एक थेंब जिभेला लावतो. माझे म्हणणेही वाचकांनी तेवढ्यापुरते सोसून घ्यावे.

विषय आहे एम. ए.च्या वर्गातील आधुनिक अमेरिकन साहित्याचा. 'याच्याशी आमचा काय संबंध?' असे पुष्कळांना वाटेल. परंतु ज्या घरात हा अंक वाचला जात असेल त्या घरातली, नाहीतर शेजारच्या घरातली, एखादी मुलगी किंवा मुलगा इंग्रजी घेऊन एम. ए. करीत असण्याचा संभव आहे. त्या मुलांच्या दोन वर्षांचे आम्ही मास्तर लोक काय करतो, हे त्यांच्या आईबापांना कळावयास नको काय? मी स्वतः एका तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षे हा विषय शिकविला. तेव्हा जे बोलतो आहे ते फिर्यादी म्हणून नव्हे, आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे.

हा विषय आमच्याकडे आला कसा, ते आधी थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यापूर्वी इंग्रजीचा एम. ए. म्हणजे चॉसरपासून निघून लंडनातच मुक्काम करावयाचा, असा शिरस्ता होता. अटलांटिकपलीकडेही लोक इंग्रजीत लिहितात, याची दखल अभ्यासक्रमाला नव्हती. १९५० साली भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला, आणि प्राध्यापकांची ये-जा सुरू झाली. १९६४ साली हैदराबादेस अमेरिकन अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले. तेथील ग्रंथालयात आठवडेच्या आठवडे बसून टिपणे काढणारी प्राध्यापकांची एक पिढीच तयार झाली. तो काळ पी. एल. ४८०च्या गव्हाचा होता. गव्हाबरोबर पुस्तकेही आली, आणि त्याच कायद्याखाली जमलेल्या रुपयांतून १९६२पासून आपल्या भाषांतली पुस्तके अमेरिकेतल्या ग्रंथालयांत गेली.

त्या वेळी काही विद्वानांनी ओरड केली की हा सगळा अमेरिकेचा प्रचार आहे. देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, असे मी म्हणणार नाही. दोन महासत्तांच्या शीतयुद्धात कोणाचाच हेतू धुतल्या तांदळासारखा नव्हता. परंतु ज्या साहित्याला हे प्रचार म्हणत होते त्याचे त्याच्या मायदेशी काय झाले होते ते पाहा. स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' १९३९ साली निघाली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील कर्न परगण्याने ती आपल्या ग्रंथालयांतून आणि शाळांतून हद्दपार केली. ॲलन गिन्सबर्गच्या 'हाऊल'वर १९५७ साली सॅन फ्रान्सिस्कोत अश्लीलतेचा खटला झाला, आणि न्यायाधीशाने ते पुस्तक निर्दोष ठरविले. स्वतःच्या देशाला इतके झोंबणारे साहित्य जर प्रचार असेल, तर असा प्रचार प्रत्येक देशाने अवश्य करावा! तेव्हा अमेरिकन साहित्य शिकवावेच कशाला, हा वाद मला मान्य नाही. माझे भांडण ते ज्या रीतीने शिकविले जाते तिच्याशी आहे.

महाराष्ट्रात हे साहित्य दोन दारांनी आले. एक दार वाचकाचे आणि दुसरे परीक्षेचे.

वाचकाच्या दाराने काय आले, ते आठवून पाहा. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि ओहायोचे जंगल आमच्या मनात 'रान', 'शिवार', 'गाव' होऊन बसले. पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेचा म्हातारा 'एका कोळियाने' म्हणून आमच्या ओटीवर आणून बसविला. त्याच्याही मागे जावयाचे, तर शांताबाई शेळक्यांच्या 'चौघीजणी' वाचून मोठ्या झालेल्या आज्या आजही घरोघरी सापडतील. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे ते कळविले. १९७२ साली मुंबईत तरुण कवी-लेखकांनी दलित पँथर काढली, तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. यांपैकी कोणीही सोळा गुणांच्या प्रश्नासाठी वाचीत नव्हते. त्यांना त्या साहित्याची गरज होती, म्हणून ते त्यांच्या हातून मराठीच्या अंगी लागले.

आता परीक्षेचे दार. त्या दाराने कादंबरी येतच नाही; येते ते गाइड. चारशेहून अधिक पानांच्या कादंबरीचे शेसव्वाशे पानांत कथासार, व्यक्तिरेखा, प्रतीके आणि 'अमेरिकन स्वप्नाचा भंग'. हा स्वप्नभंग तर इतका उपयुक्त आहे की स्टाइनबेक असो, आर्थर मिलर असो की फिट्झजेराल्ड असो, तेच चार परिच्छेद नावे बदलून कोठेही बसतात. मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एका गठ्ठ्यातील चाळीस मुलांचा स्वप्नभंग एकाच शब्दांत झालेला मी पाहिला आहे, आणि चाळिसांनाही चांगले गुण दिले आहेत! अलीकडे तर गाइडाचीही गरज उरलेली नाही. मोबाइलला प्रश्न घातला की चहाला उकळी फुटेपर्यंत उत्तर तयार. त्या यंत्राला नावे ठेवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी एवढेच विचारतो, की यंत्राला सहज लिहिता येईल असाच प्रश्न वर्षानुवर्षे कोणी काढला?

यावर ठरलेली उत्तरे येतात. मुले मराठी माध्यमातून आलेली, त्यांना इंग्रजी जड जाते. सत्र लहान. ग्रंथालयात पुस्तकाची एकच प्रत. ही उत्तरे खोटी नाहीत. मीही ती वर्षानुवर्षे दिली. परंतु हिशेब मांडून पाहू. दिवसाला पंधरा पाने वाचली तर साडेचारशे पानांची कादंबरी महिन्यात संपते. राहता राहिली भाषा. स्टाइनबेकची माणसे ओक्लाहोमाच्या खेड्यातली बोली बोलतात, ती पुष्कळदा शब्दकोशात सापडत नाही. पण ज्या मुलीने घरी मराठवाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी वापरली आहे, तिला बोली कागदावर आली की काय होते, हे समजावून सांगावे लागत नाही. ज्याला आपण तिची अडचण म्हणतो ते तिचे भांडवल आहे. आम्ही ते कधी वापरू दिले नाही.

हे मी हवेत बोलत नाही. एका मुलीची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही.

तिचे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. नवराबायको मिळून एक कोयता, अशी त्या धंद्यातली मोजणी आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलून कारखान्याच्या मुलुखात जायचे, फडाशेजारी कोपी घालून राहायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत यायचे. म्हणजे तुम्हीआम्ही आकाशकंदील लावतो त्या दिवसांत ही माणसे वाटेवर असतात. मुलगी आजीपाशी राहून शिकली. एम. ए.च्या वर्गात ती मागच्या बाकावर बसे. आणि तिने, आमच्या सर्व व्यवस्थेला चुकवून, 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

एके दिवशी तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, एक विचारू का? जोडांच्या घरच्यांना कुणी उचल दिलेली नव्हती. मग ते पडेल त्या मजुरीवर का राबले? आमच्याकडं मुकादमाचे पैसे अंगावर असतात म्हणून माणूस हलत नाही."

मी म्हणालो, "तूच सांग."

ती म्हणाली, "तिथं माणसं जास्त बोलावली होती, सर. आठशे माणसं पाहिजेत आणि जाहिराती छापल्या पाच हजार. उपाशी माणूस आपणच भाव पाडतो. आमच्याकडं उचल माणसाला बांधते, त्यांच्याकडं गर्दीनं बांधलं. आणि आमचा मुकादम गावातलाच असतो, लग्नात पंगतीला बसतो. त्यांचा कंत्राटदार परका, बरोबर पोलीस घेऊन येणारा. म्हणून त्यांना चिडता येतं. आम्हांला येत नाही."

मी गप्प बसलो. ती पुढे बोलत राहिली. "त्यांचं घर ट्रॅक्टरनं पाडलं, म्हणून त्यांचा रस्ता एकाच दिशेनं जातो. आमची माणसं दर साली जातात आणि दर साली परत येतात. आमच्यावर कादंबरी लिहिली तर ती अशी सरळ जाणार नाही, सर. ती घाण्यासारखी फिरेल." मग जराशी हसून म्हणाली, "त्या सरकारी छावणीत ती दोन पोरं संडासातलं पाणी सोडतात, आणि आवाज ऐकून आपण काहीतरी मोडलं म्हणून घाबरतात, ते मी आईला सांगितलं. आई म्हणाली, त्यांना संडास तरी होता."

वाचकहो, स्टाइनबेकवर मी पुष्कळ इंग्रजी समीक्षा वाचली आहे. कादंबरीची घडण तिच्यातल्या स्थलांतराच्या वाटेवरून ठरते, हे इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितले नव्हते. स्टाइनबेकनेही ही कादंबरी अभ्यासिकेत बसून रचली नव्हती. १९३६ साली एका वर्तमानपत्रासाठी मजुरांच्या छावण्या हिंडून त्याने आधी लेखमाला लिहिली होती. ती मुलगी त्याच छावणीच्या आतून बोलत होती.

आणि मी, तिचा गुरू, काय बोललो? मी म्हणालो, "छान आहे. पण हे उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. परीक्षक परगावचा असतो. तो म्हणेल, हे अवांतर आहे. तू आपले बायबलमधील प्रतीकांवर लिही. जिम केसीच्या नावाची आद्याक्षरे येशू ख्रिस्ताच्या नावाची आहेत, एवढे ठळक लिही."

तिने तसेच लिहिले. शहाणी मुलगी होती. पहिला वर्ग मिळाला. पुढे प्रबंधिकेसाठी तिने ऊसतोडीचा आणि स्टाइनबेकचा विषय मनात धरला होता, तोही मीच मोडून काढला. 'मार्गदर्शक मिळणार नाही, संदर्भग्रंथ मिळणार नाहीत' असे सांगितले आणि एक बिनधोक विषय दिला. बायबलची प्रतीके खोटी आहेत, असे माझे म्हणणे नाही. ती कादंबरीत आहेतच. परंतु जी गोष्ट जगात मोजक्याच वाचकांना दिसली असती ती पुसून टाकून जी हजारोंनी लिहून ठेवली आहे ती तिच्याकडून गिरवून घेतली. यालाच मी अठ्ठावीस वर्षे उच्च शिक्षण म्हणत होतो.

आता कोणी म्हणेल, झाले ते झाले, उपाय सांगा. उपाय साधे आहेत. सहा पुस्तके नेमून एकही न वाचण्यापेक्षा दोनच नेमावीत आणि ती वर्गात वाचावीत, मोठ्याने वाचावीत. परीक्षेत कादंबरीतला एखादा उतारा छापून द्यावा आणि त्यावर विद्यार्थ्याला स्वतःचे म्हणणे मांडू द्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याने एक उत्तर तरी आपल्या अनुभवातल्या किंवा आपल्या भाषेतल्या साहित्याशी तुलना करून लिहावे, आणि ते अवांतर समजले जाऊ नये. टोनी मॉरिसन नेमली असेल तर तिच्या शेजारी 'गोलपिठा' ठेवण्यास मराठी विभागातल्या सहकाऱ्याला आपल्या वर्गात बोलवावे. दोन्ही विभाग बहुधा एकाच व्हरांड्यात असतात. मध्ये फक्त एक भिंत असते. यांतल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. मास्तराला मात्र पुस्तक वाचावे लागते, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

ती मुलगी आज एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकविते. गेल्या वर्षी तिच्या गावचा एक माणूस भेटला. त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले, "सर, तुमच्या विद्यार्थिनीचं फार नाव आहे. नोट्स अशा काढून देते की पोरांना पुस्तक उघडावंच लागत नाही!" त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून एक विनंती. या दिवाळीत तुमच्या घरी एम. ए. करणारे कोणी फराळाला बसले, तर गुण किती मिळाले हे विचारू नका. कोणते पुस्तक पूर्ण वाचलेस आणि वाचताना तुला आपल्या घरातले, गावातले काय आठवले, एवढे विचारा. उत्तर आले तर ताटात दोन चकल्या जास्त वाढा. न आले तर त्याला रागावू नका. त्याच्या मास्तराचे नाव विचारून घ्या आणि एक कार्ड टाकून त्याला जाब विचारा. त्या यादीत कोठे माझे नाव निघाले, तर मलाही विचारा. उत्तर देण्यास मी बांधलेला आहे.