अंधारातला फोटो : आधी उजळावा की मागाहून?

संध्याकाळची आरती, दिवाळीच्या पणत्या, शाळेचे स्नेहसंमेलन, लग्नाच्या आदल्या रात्रीचे सीमांतपूजन. घरातले आनंदाचे क्षण बरेचदा नेमके कमी उजेडात येतात आणि तिथेच फोटो काढणाऱ्याची पंचाईत होते. फ्लॅश टाकावा तर निरांजनाच्या उजेडाची सारी शोभा जाते. न टाकावा तर फोटो काळवंडतो. मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवा. दुसरा म्हणतो, त्याने फोटो रवाळ होतो; आयएसओ कमीच ठेवा आणि मागाहून संगणकावर फोटो उजळून घ्या. यात खरे कोणाचे?

आयएसओ हे माप फिल्मच्या काळातले. अमेरिकेची एएसए आणि जर्मनीची डिन ही दोन मापे एकत्र करून १९७४ साली ते आले. उन्हासाठी १०० चा रोल आणि कमी उजेडासाठी ४०० चा, हे हौशी मंडळींना पाठ असे. रोल बदलला की कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी वस्तूच बदलत असे. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र प्रकाश टिपणारा सेन्सर एकच असतो. आयएसओ वाढवल्याने त्याला जास्त प्रकाश मिळत नाही. मिळालेला संदेश फक्त मोठा केला जातो. दूरचे रेडिओ केंद्र अस्पष्ट लागले असताना आवाज वाढवला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसेच हे.

मग फोटो रवाळ का होतो? अंगणात वाट्या मांडून ठेवल्या आणि चार थेंब पडून पाऊस थांबला, तर एका वाटीत दोन थेंब सापडतील, शेजारचीत पाच. धो धो पाऊस पडला, तर साऱ्या वाट्या जवळपास सारख्या भरतील. प्रकाशही असाच कणाकणांनी येतो. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर त्यात साधारण १० चा, म्हणजे १० टक्के फरक पडतो. १०,००० कण पडले, तर फरक १०० चा, म्हणजे एकच टक्का. तेव्हा खरा दोषी आयएसओ नव्हे, अपुरा प्रकाश होय. शटरचा वेग आणि छिद्र तेच ठेवले, तर आधी वाढवा की मागाहून उजळा, हा रवाळपणा टळत नाही.

तरीही दोन्ही रस्ते अगदी सारखे नाहीत. कॅमेऱ्यातली यंत्रणाही थोडी खरखर स्वतःची मिसळते. संदेश आधीच मोठा केला, तर त्यापुढे ही खरखर कमी जाणवते. अनेक नव्या कॅमेऱ्यांत ती इतकी थोडी असते की फरक शोधावा लागतो. जुन्या कॅमेऱ्यांत मात्र मागाहून उजळलेल्या सावलीत पट्टे उमटू शकतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न फोटो कशा रूपात साठवला, हा आहे. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. १४ बिटांच्या रॉ फोटोत त्या १६,३८४ असतात. जेपेगमधला काळोख फार उजळला, की गालांवर डाग आणि भिंतीवर चट्टे दिसू लागतात. म्हणून जेपेग काढणाऱ्यांनी आयएसओ आधीच वाढवावा, हे बरे. रॉ काढणाऱ्यांना मात्र एक सवलत आहे. आयएसओ फार वाढवला, तर पणतीची ज्योत आणि शालूची जर पांढरीफटक होते आणि तो तपशील पुन्हा मिळत नाही. अशा वेळी आयएसओ थोडा कमी ठेवून सावल्या मागाहून उजळाव्यात.

स्वयंचलित पद्धतीने फोटो काढताना एक धोका ध्यानात ठेवावा. आयएसओ १६०० वरून ४०० वर आणला, तर कॅमेरा भरपाई म्हणून शटर १/६० सेकंदावरून १/१५ वर नेऊ शकतो. मग आरतीचे ताट हलते, मुले हलतात, हातही हलतो. रवाळ फोटो पुष्कळसा सुधारता येतो. हललेला फोटो सहसा सुधारत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी प्रकाश वाढवावा : खोलीतला आणखी एक दिवा लावावा, छिद्र मोठे करावे, कोपर टेबलावर टेकवावे. मग माणसे हलणार नाहीत इतका शटरचा वेग ठरवावा. त्यानंतर लागेल तेवढा आयएसओ बेधडक द्यावा आणि उरलेसुरले मागाहून उजळावे.

आपला कॅमेरा कसा आहे, हे समारंभाआधीच पाहून ठेवावे. कॅमेरा टेबलावर ठेवून, शटर आणि छिद्र न बदलता, २०० आणि १६०० आयएसओवर एकेक रॉ फोटो काढावा. पहिला संगणकावर आठपट उजळावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. आजीचे हसू थोडे रवाळ आले तरी घरच्यांना ते वर्षानुवर्षे पाहता येते. ते टिपायचेच राहिले, तर मागाहून उजळायला काही उरत नाही.