सूर्य जेथे पश्चिमेस उगवतो

कधी न घडणारी गोष्ट घडली, म्हणजे “आज सूर्य पश्चिमेस उगवला की काय?” असे लोक विनोदाने विचारतात. पृथ्वीपुरता हा विनोद ठीक आहे. परंतु शेजारच्या शुक्रावर सूर्य खरोखरच पश्चिमेस उगवतो व पूर्वेस मावळतो!

ग्रहाच्या स्वतःभोवती फिरण्यास परिवलन म्हणतात. पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी इत्यादी बहुतेक ग्रहांचे परिवलन पश्चिमेकडून पूर्वेकडे होते. शुक्राचे मात्र त्याच्या विरुद्ध दिशेने होते आणि एका परिवलनास पृथ्वीवरील सुमारे २४३ दिवस लागतात. युरेनसची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा आस सुमारे ९८ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे तो जणू कुशीवर निजूनच सूर्याभोवती फिरतो. ८४ वर्षांच्या एका प्रदक्षिणेत त्याच्या प्रत्येक ध्रुवावर सुमारे ४२ वर्षे उजेड व ४२ वर्षे अंधार असतो.

अशा ग्रहांना ‘वाट चुकलेले’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सूर्य आणि ग्रह सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांच्या एकाच फिरत्या चकतीतून जन्मले. म्हणून बहुतेक ग्रह एकाच दिशेने फिरतात. दोन ग्रह निराळे निघाले, म्हणून हा नियम खोटा ठरत नाही. परंतु जन्मानंतर या दोघांवर काय गुदरले, हा नवा प्रश्न त्यांच्यामुळेच उभा राहतो. युरेनसवर एखादा प्रचंड गोल आदळला असावा. शुक्राच्या दाट वातावरणावर सूर्याच्या आकर्षणाचा व उष्णतेचा परिणाम होऊन त्याची गती पालटली असावी, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते. शोध अजून चालूच आहे.

शुक्राचा पृष्ठभाग ढगांनी सदैव झाकलेला असल्यामुळे साध्या दुर्बिणीतून तो दिसत नाही. त्यामुळे पूर्वीच्या कित्येक विद्वानांनी शुक्राचे परिवलनही पृथ्वीप्रमाणे सुमारे २४ तासांत होत असावे, असे मानले होते. १९६२ साली अमेरिकेतील गोल्डस्टोन येथून रडारच्या लहरी शुक्राकडे सोडण्यात आल्या. परत आलेल्या लहरींचे मापन झाले, तेव्हा तो अतिमंद आणि उलट दिशेने फिरत असल्याचे कळले. मापन अपेक्षेशी जुळत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी ते टाकून दिले नाही. पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले आणि मग स्वीकारले.

शाळेत प्रयोग करताना एखाद्या विद्यार्थ्याचा आकडा इतरांहून निराळा येतो. तो घाबरून आपला आकडा खोडतो व शेजाऱ्याच्या वहीतील आकडा उतरवून घेतो. असे करणे बरे नव्हे. प्रयोग पुन्हा करावा. चूक सापडली, तर ती सुधारावी. पण तोच आकडा पुन्हा आला, तर तो निर्भयपणे लिहून ठेवावा आणि त्याचे कारण शोधावे. शुक्राची खरी गती जगाला कळली, ती अशाच प्रामाणिक नोंदींमुळे.