नळी आज काढता येईल का?

वॉर्डात सलाईन संपत आली की नातेवाईक धावत येतात. लघवीच्या पिशवीसाठी कोणी धावत येत नाही. ती टम्म फुगते, कधी फरशीवर लोळते, आणि आतली नळी कोणत्या तारखेला घातली हे विचारलं तर नातेवाइकाला सांगता येत नाही, ड्युटीवरच्या सिस्टरलाही कागद शोधावे लागतात. सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून माझं आयुष्य गेलं, शेवटची वर्षं परिसेविका म्हणून वॉर्ड सांभाळला. आमच्या वाशीम जिल्ह्यासाठी एकच गोष्ट मागायची झाली तर मी ही मागेन: लघवीची नळी असलेल्या प्रत्येक खाटेपाशी रोज सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी मोठ्यानं विचारावं, ही आज काढता येईल का?

रुग्णालयात आल्यावर लागणारा मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा या नळीच्या वाटेनंच येतो. नळी असलेल्यांपैकी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत रोज नव्यानं जंतू दिसू लागतात. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच. एरवी मूत्राशय भरतं, आपण मोकळे होतो आणि त्या धारेबरोबर खालून वर चढणारे जंतू धुऊन जातात. नळी घातली की ही धारच थांबते. लघवी थेंबाथेंबानं उतरत राहते, आणि नळी निसटू नये म्हणून आत पाण्यानं फुगवलेल्या फुग्याभोवती थोडी साचूनच राहते. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरावं तसा नळीला आतून-बाहेरून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही.

नळी लागतेच असे रुग्ण असतात, त्याबद्दल वाद नाही. फवारणीचं औषध पोटात गेलेला आणि व्हेंटिलेटरवर असलेला तरुण, प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेले आजोबा, सिझेरियनसाठी कमरेत इंजेक्शन दिलेली बाई, साप चावल्यावर तासातासाला लघवी मोजावी लागते असा शेतकरी. पण काम संपलं तरी नळी तशीच राहते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. ऑपरेशनच्या बहुतेक रुग्णांची नळी दुसऱ्या दिवशी निघायला हवी. ती तिसऱ्या, चौथ्या दिवशीही असते, कारण काढायचं कोणी लिहिलेलं नसतं. लकवा मारलेल्या म्हाताऱ्याची, खुब्याचं हाड मोडलेल्या आजीची राहते, कारण चादरी ओल्या होतात आणि बदलायला चादरी नसतात. पुरुषांना युरिन पॉट किंवा बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटर, बायकांना बेडपॅन, दर दोन-तीन तासांनी विचारणं, हे सगळं जमण्यासारखं आहे. त्याला हात लागतात, आणि रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर असली तर हात कुठून आणायचे?

आणखी एक कारण कुठल्या अहवालात येत नाही. बायका स्वतःच म्हणतात, "राहू द्या ना सिस्टर नळी, तिकडच्या संडासात जाणं होत नाही." कडी नसलेलं दार, नळाला पाणी नाही, खाली निसरडं. नळी निघालेल्या बाळंतिणीही मग पाणी प्यायच्या थांबतात, म्हणजे जायलाच नको. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात दिवसभर दोन पेले पाण्यावर राहिलेल्या बाईला लघवीची जळजळ झाली तर दोष तिला कसा द्यायचा? वॉर्डातलं स्वच्छ, कडी लागणारं शौचालय हेसुद्धा संसर्ग टाळायचं साधनच आहे. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठीच्या कायाकल्प योजनेच्या तपासणीला अधिकारी येतात तेव्हा त्यांनी भिंतींचा रंग नंतर पाहावा, आधी बायकांच्या वॉर्डातल्या शौचालयाची कडी लावून पाहावी.

नातेवाइकांना आपण कामाला लावतो, पण सांगत काही नाही. रिसोडकडच्या एका मुलानं वडिलांची लघवीची पिशवी सलाईनच्या स्टँडला, डोक्याच्या उंचीवर बांधली होती. मी बोलले तर म्हणाला, "खाली फरशीले लागत होती सिस्टर, म्हणून वरतं बांधली." किती काळजीनं केलं होतं पोरानं! पण त्यामुळे पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात उतरत होती. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी आणि फरशीला टेकायला नको, एवढं एक वाक्य त्याला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. १०८ च्या रुग्णवाहिकेतून अकोल्याला पाठवतानाही तेच होतं. स्ट्रेचरवर पेशंटच्या पोटावर पिशवी ठेवतात आणि ८०-एक किलोमीटरचा रस्ता तसाच जातो. निघताना ती रिकामी करून खाली अडकवायला असा किती वेळ लागतो?

पिशवी रिकामी करण्याची रीतही बघा. एकच प्लास्टिकचा मग, तोच पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत फिरतो. पिशवीची तोटी मगाच्या काठाला टेकते, हातमोजे तेच. एका खाटेचे जंतू दुसऱ्या खाटेवर असे जातात. प्रत्येक खाटेला नंबर लिहिलेलं वेगळं भांडं आणि दोन रुग्णांच्या मध्ये हात धुणं, याला कुठलंही यंत्र लागत नाही.

लघवी गढूळ दिसली, वास आला की लगेच "इंजेक्शन द्या" म्हणणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप, थंडी वाजणं, कुशीत दुखणं, एकाएकी भ्रमिष्टासारखं बोलणं अशी लक्षणं नसतील तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन होणारा रुग्ण हे अपवाद. तपासणीचा नमुना पिशवीतून घेऊ नये, तिथं साचलेल्या लघवीत जंतू वाढलेले असतात. उगाच दिलेल्या औषधांनी आधीच ई-कोलाय आणि क्लेब्सिएला इतके निर्ढावलेत की सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी जुनी औषधं अनेकदा लागूच पडत नाहीत.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात वाशीम होतं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा इतकी वर्षं मोठ्या आजाराला अकोल्याकडे बघत आला. आता इथल्या खाटांपाशी मुलं डॉक्टरकी शिकणार. वॉर्डात पहिल्या वर्षांत पडलेली सवय पुढं टिकते, म्हणून हे आत्ताच ठरवावं. नळी घालताना कारण आणि तारीख लिहावी, तारखेची पट्टी पिशवीवरही चिकटवावी. कारण संपलं की नळी काढण्याचा लेखी अधिकार सिस्टरला द्यावा. अनेक देशांतल्या रुग्णालयांत हा अधिकार परिचारिकांना दिला आणि संसर्ग कमी झाले. आमच्या मुली बारा-बारा तास रुग्णापाशी असतात. नळीची गरज संपलेली त्यांना सगळ्यात आधी कळते, आणि सहीसाठी त्या दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात.

मानोऱ्याच्या तांड्यावर किंवा मालेगावच्या खेड्यात नळीसकट घरी जाणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय? ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंत काही जण महिनोन्‌महिने तीच नळी बाळगतात. साधी लॅटेक्सची नळी तेवढ्यासाठी नसते, तिच्यावर क्षार बसतो आणि ती तुंबते. सुट्टीच्या कार्डावर नळी घातल्याची तारीख, पुन्हा दाखवायची तारीख, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पिशवी कशी धरायची याचं एक चित्र, एवढं हवं. वाचता न येणाऱ्यालाही ते चित्र कळेल. असा नमुना तयार करून छापून घेणं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला एका आठवड्यात जमेल.