तिसा नदीचे दोन काठ

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा महाराष्ट्रातील अनेक घरांत रुमानियाच्या सरहद्दीचे नाव प्रथमच काळजीने उच्चारले गेले. युक्रेनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणारी आपली मुले कडाक्याच्या थंडीत पायपीट करीत सिरेतच्या नाक्यावर येऊन थांबली होती. बुखारेस्टहून निघालेले पहिले विमान २६ फेब्रुवारीस २१९ जणांना घेऊन मुंबईस उतरले. पुढे मुले घरी परतली, वर्तमानपत्रांचे मथळे बदलले आणि ती सरहद्दही विस्मरणात गेली. यात अस्वाभाविक असे काही नाही. परंतु ज्या लोकांच्या परसदारातूनच ही सरहद्द जाते, त्यांना तिचे विस्मरण परवडत नाही. त्यांचे जीवन कसे चालते याचा विचार संकट नसतानाही व्हावयास हवा, आणि नेमका तोच कोणी करीत नाही.

सिरेतपासून पश्चिमेकडे निघून कार्पेथियन पर्वताची रांग ओलांडली म्हणजे मारामुरेश हा प्रदेश लागतो. याची भूरचना मोठी बोलकी आहे. दक्षिणेस गुतुयचे डोंगर, आग्नेयेस रोद्नाचा पर्वत (याचे पिएत्रोसुल हे शिखर २,३०३ मीटर उंच आहे) आणि ईशान्येस मारामुरेशचे स्वतःचे पर्वत, अशा तिन्ही बाजूंच्या भिंतींत हे खोरे वसले आहे. इझा आणि विशेउ या नद्या या भिंतींपासून निघून उत्तरेकडे वाहतात आणि तिसा नदीस मिळतात. म्हणजे निसर्गाने या घराचे दार उत्तरेस ठेवले आहे. उरलेल्या रुमानियाकडे जावयाचे तर घाट चढावा लागतो. तिसेच्या पलीकडे जावयाचे तर केवळ नदी ओलांडावी लागते. शतकानुशतके बाजार, लग्नसंबंध, मीठ आणि लाकूड यांची ये-जा या दारातूनच झाली. सिगेत हे गाव या सबंध प्रदेशाचे ठाणे होते आणि त्याच्या अंमलाखाली नदीचे दोन्ही काठ येत होते.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले आणि विजेत्यांनी या नदीलाच सरहद्द केले. तिसेचा सुमारे ६० किलोमीटरचा प्रवाह तेव्हापासून दोन राज्यांमधील रेषा होऊन बसला आहे. दक्षिणेचा काठ रुमानियास मिळाला, उत्तरेचा चेकोस्लोव्हाकियास. नकाशावर नदीची निळी रेषा आयतीच आखलेली असते, त्यामुळे ती सरहद्द म्हणून निवडण्याचा मोह मुत्सद्द्यांना नेहमीच होतो. पण नदी माणसांना वेगळे करीत नाही, ती त्यांना आपल्या काठांवर गोळा करते, ही गोष्ट कोणत्याही घाटावर पाणी भरणाऱ्या बाईस ठाऊक असते. त्या निवाड्याने स्लातिना आणि आप्शा ही रुमानियन भाषा बोलणारी गावे नदीपलीकडे राहिली, तर पोयेनिले आणि रुस्कोवा यांसारखी युक्रेनियन बोली बोलणारी गावे अलीकडे आली. दोन्हीकडचे लोक आपल्या घरातून हलले नव्हते. तरीही एका दस्तऐवजाने ते आपापल्या ठिकाणी ‘अल्पसंख्य’ ठरले.

या निवाड्याची आणखी एक गंमत आहे. तिला गंमत म्हणणे खरे तर क्रूरपणाचे होईल. हंगेरी आणि रुमानिया यांच्यामधील सरहद्द आखताना तिमिश्वारा, आराद, ओरादेया, सातु मारे या गावांना जोडणारा लोहमार्ग रुमानियाच्या हाती राहावा, याची पॅरिसच्या परिषदेत काळजी घेण्यात आली होती. मात्र सिगेतचा लोहमार्ग पश्चिमेस थोडे अंतर गेल्यावर तिसा ओलांडून उत्तरेच्या काठाने जात असे, आणि तो भाग परराज्यात गेला. परिणामी सिगेतच्या माणसास आगगाडीने आपल्याच देशाच्या राजधानीस जावयाचे असेल तर चेकोस्लोव्हाकियाच्या भूमीवरून जावे लागे. कार्पेथियन पर्वतातून साल्वा ते विशेउ हा स्वतंत्र लोहमार्ग काढण्यास १९४९ साल उजाडले. नंतर काळाने या गोष्टीची परतफेडही केली. उत्तरेचा काठ सोव्हिएत संघाकडे गेल्यावर राखिव्हच्या सोव्हिएत गाड्यांना पश्चिमेकडे जाण्यासाठी सिगेतजवळून रुमानियाच्या भूमीवरून वाट काढावी लागली, आणि त्यासाठी या मार्गावर दोन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र घालावे लागले. ज्या प्रदेशात दोन्ही राज्यांच्या गाड्यांना एकमेकांच्या अंगणातून जावे लागते, तो प्रदेश मुळात एकच आहे, याहून अधिक पुरावा कोणास हवा?

स्लातिनामध्ये शतकाच्या आरंभी जन्मलेला आणि नव्वदी गाठलेला एखादा म्हातारा कल्पनेत आणावा. तो जन्मला हंगेरीच्या राजमुकुटाखाली, तारुण्यात चेकोस्लोव्हाक झाला, १९३९ मध्ये पुन्हा हंगेरीच्या सत्तेखाली आला, १९४५ मध्ये सोव्हिएत नागरिक बनला आणि १९९१ मध्ये युक्रेनचा. एवढी राज्ये पालटली, पण त्याची विहीर तीच. त्या मुलुखात ही हकीकत विनोद म्हणून सांगतात. परंतु प्रत्येक पालटात शाळेची भाषा बदलली, जमिनीचे कागद बदलले, नाण्यांवरचा मुखवटा बदलला आणि पोरांना लढाईस नेणारे सैन्य बदलले.

दक्षिणेचा काठही यातून सुटला नाही. १९४० च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाच्या निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हानियाबरोबर सिगेतही हंगेरीकडे गेले. या गावाच्या लोकसंख्येचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग ज्यूंचा होता. १९४४ च्या मे महिन्यात त्यांना आगगाडीच्या डब्यांत कोंडून आउश्वित्झला पाठविण्यात आले. त्यांत पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. तोच पुढे एली वीझेल या नावाने जगास ठाऊक झाला आणि १९८६ मध्ये शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. युद्ध संपल्यावर रुमानियात साम्यवादी सत्ता आली आणि १९५० नंतर सिगेतच्या जुन्या तुरुंगात देशातील माजी मंत्री, बिशप आणि विद्वान आणून कोंडण्यात आले. सोव्हिएत सरहद्द हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ही जागा सोयीची वाटली. लोकशाहीसाठी आयुष्य वेचलेले माजी पंतप्रधान यूलिउ मानिउ १९५३ मध्ये येथेच मरण पावले. १९९३ पासून कवयित्री आना ब्लांदियाना आणि त्यांचे पती रोमुलुस रुसान यांच्या खटपटीने या तुरुंगाचे स्मारकात रूपांतर झाले आहे.

याच काळात नदीपलीकडचे राज्य रुमानियाचे ‘बंधुराष्ट्र’ म्हणवून घेत होते. सभांतून मैत्रीच्या घोषणा होत. पण सिगेतच्या माणसाला समोर दिसणाऱ्या स्लातिनामधील आपल्या चुलत्याच्या अंत्यविधीस सरळ नदी ओलांडून जाता येत नव्हते. जुना पूल महायुद्धात गेला होता. त्या जागी उभारलेला लाकडी पूल प्रवाशांस खुला झाला तो २००७ मध्ये. म्हणजे सोव्हिएत संघ लयास जाऊन सोळा वर्षे झाल्यावर! आणि योगायोग असा की, त्याच वर्षी रुमानिया युरोपीय संघाचा सदस्य झाला आणि ही नदी एका खंडप्राय व्यवस्थेची बाहेरची कड बनली. पूल आला, पण पलीकडच्याला परवान्याशिवाय तो ओलांडता येईना. सरहद्दीलगतच्या रहिवाशांस सुलभ ये-जा करू देणारा करार उभय देशांनी २०१४ मध्ये केला आणि २०१७ मध्ये युक्रेनच्या नागरिकांना युरोपात व्हिसाविना प्रवेश मिळाला. प्रत्येक सवलत आली, पण ती एक पिढी उशिरा आली.

पर्यटकास या प्रदेशात दुःखाची ही बाजू सहसा दिसत नाही. तो येथे लाकडी चर्चे पाहावयास येतो. बर्साना, येउद, बुदेश्ती इत्यादी आठ गावांतील अशी चर्चे १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात दाखल झाली. सपिंत्साची दफनभूमीही तो पाहतो. स्तान योआन पत्राश (१९०८–१९७७) या सुताराने १९३५ च्या सुमारास तेथे निळ्या रंगाचे कोरीव लाकडी क्रूस उभारण्यास सुरुवात केली आणि त्यांवर मृताच्या आयुष्यातील खोड्या, व्यसने, धंदा, मृत्यूचे कारण सारे पद्यात नोंदविले. मृत्यूकडे हसून पाहणारे लोक म्हणून त्यांची वाहवा होते. डोंगरउतारावर विळ्याने गवत कापून, मध्ये खांब रोवून त्याभोवती रचलेल्या गंजी, घरापुढची कोरीव नक्षीची भव्य दारे, प्लमपासून दोनदा गाळलेली दारू, या साऱ्याची छायाचित्रे निघतात आणि ‘युरोपातील शेवटचे खेडे’ असे शीर्षक त्यांना दिले जाते.

या शीर्षकाचा आम्हांस राग येतो. जिवंत लोकांच्या गावास कोणी पुराणवस्तुसंग्रहालय म्हटले तर त्यात कौतुकापेक्षा बेपर्वाईच जास्त असते. त्या कोरीव दारामागे डोकावून पाहावे. अनेक ठिकाणी जुने लाकडी घर पाडून तेथे सिमेंटचे दोन-तीन मजली घर उभे आहे, त्याच्या खिडक्या बंद आहेत आणि मालक इटलीत, स्पेनमध्ये अथवा फ्रान्समध्ये बांधकामावर राबत आहे. तो ऑगस्टमध्ये गावी येतो, भाचीचे लग्न उरकतो आणि परत जातो. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि आजीजवळ ठेवलेली नातवंडे. २००२ च्या जनगणनेत रुमानियाची लोकसंख्या २ कोटी १७ लाखांच्या घरात होती. २०२१ च्या गणनेत ती १ कोटी ९० लाखांवर आली. गवताच्या गंजी रचणारे हातच नसतील तर त्या देखाव्याचे काय होणार, हा प्रश्न छायाचित्रकारांना पडत नसावा. जे तरुण मागे राहिले त्यांतील काहींना नदीपलीकडून स्वस्त सिगारेटी चोरून आणण्याचा धंदा खुणावतो. कायदेशीर बाजार मोडला की बेकायदा बाजार भरतो, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही.

नदीस स्वतःला मात्र सरहद्द कळत नाही. २००० च्या मार्चमध्ये बाया बोर्शा येथील खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि जड धातूंनी भरलेला चिखल वासेर व विशेउ नद्यांतून तिसेत उतरला. त्याने दोन्ही काठांचे पाणी नासवले आणि कोणत्याही नाक्यावर त्याला कोणी अडविले नाही.

२०२२ मध्ये ही सरहद्द पुन्हा जगापुढे आली. सिगेतच्या लाकडी पुलावरून बायका आणि मुले येऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी पुलाच्या कठड्यांवर खेळणी मांडून ठेवली होती. पलीकडून येणाऱ्या पोराने जाता जाता एक उचलून घ्यावे, अशी ती योजना. पण त्या पोरांचे बाप पूल ओलांडू शकत नव्हते. लष्करी कायद्याने १८ ते ६० वर्षांच्या पुरुषांस देश सोडण्यास बंदी होती. त्यांतील २२ वर्षांपर्यंतच्या तरुणांस सूट मिळाली ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा अनेकांनी रात्री तिसेत उड्या घातल्या. वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने फुगलेल्या या नदीने कित्येकांचा बळी घेतला. जे डोंगरातून आले त्यांना मारामुरेशच्या बचावपथकांनी बर्फातून खांद्यावर वाहून खाली आणले. आपला देश आक्रमणाखाली असताना लढाई टाळणाऱ्यास काय म्हणावे, याचा निवाडा दूर सुरक्षित बसलेल्या आमच्यासारख्यांनी करू नये. युक्रेनला आपल्या रक्षणाचा अधिकार आहे, हेही तितकेच निर्विवाद आहे. पण ज्या नदीवर काठावरच्या बायका धुणी धूत, तिच्यात सकाळी अनोळखी तरुणाचे प्रेत सापडावे, हे त्या गावांच्या नशिबी आले.

बुखारेस्टचे राज्यकर्ते नदीपलीकडच्या रुमानियन भाषकांविषयी वेळोवेळी आवाज उठवितात. २०१७ मध्ये युक्रेनने शिक्षणाचा कायदा बदलून अल्पसंख्यांच्या भाषेतील शाळांवर मर्यादा घातल्या, तेव्हा अध्यक्ष योहानिस यांनी कीवचा आपला दौराच रद्द केला. तो निषेध योग्य होता, आणि २०२३ च्या डिसेंबरात युक्रेनने कायद्यात दुरुस्ती करून युरोपीय संघातील भाषांना पुन्हा वाव दिला, हेही योग्यच झाले. मात्र हाच कान अलीकडच्या काठावरही लावावयास हवा. सिगेतमध्ये युक्रेनियन माध्यमाची शाळा आहे, ही समाधानाची गोष्ट. पण ज्या खोऱ्यातून तरुण निघून जात आहेत, तेथे कोणत्याही भाषेच्या शाळेस मुले कोठून मिळणार?

१ जानेवारी २०२५ पासून हंगेरी आणि बल्गेरिया यांच्या सरहद्दींवरील तपासणी उठली आणि रुमानिया शेंगेन क्षेत्रात पूर्णपणे सामील झाला. पश्चिमेकडील दार असे सताड उघडत असता उत्तरेकडील दारास आणखी एक कुलूप लावण्याचा मोह होणे शक्य आहे. निर्वासित, तस्करी आणि युद्ध ही तिन्ही कारणे त्यासाठी हाताशी आहेत. तेव्हा मागण्या मोठ्या नाहीत, पण निकडीच्या आहेत. सरहद्दीलगतच्या रहिवाशांचे परवाने युद्धाच्या निमित्ताने मोडीत निघू नयेत. हलक्या वाहनांपुरत्या लाकडी पुलावर या खोऱ्याचा सारा व्यापार अवलंबून राहू नये. आणि वाल्या विशेउलुइ ते राखिव्ह ही आगगाडी, जी कित्येक वर्षे बंद होती आणि २०२३ च्या जानेवारीत पुन्हा सुरू करण्यात आली, ती युद्धाची गरज म्हणून चाललेली गाडी न राहता बाजारच्या दिवशी म्हातारीला भाजीची टोपली घेऊन चढता येईल अशी नित्याची गाडी व्हावी. तिचे वेळापत्रक आणि तिचा खर्च कोणी किती उचलावयाचा, हे बुखारेस्ट आणि कीव यांनी आताच कागदावर उतरवून ठेवावे.