पाळी चुकल्यावर डाग दिसला तर? ‘बघू दोन दिवस’ कुठं महागात पडतं

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक, मुक्काम चार-पाच महिन्यांचा. या गाड्यांत काही बायका अशा असतात, ज्यांना नुकतेच दिवस गेलेले असतात. काहींना तर ते माहीतही नसतं. पाळी पंधरा दिवस लांबलीय, एवढंच. आणि मग एखाद्या पहाटे, तळावर किंवा फडात, अंगावर डाग दिसतो.

पुढचं बोलणं ठरलेलं असतं. ‘पाळीच आली असंल.’ ‘उष्णता झाली असंल.’ ‘बघू दोन दिवस.’ दवाखान्यात जायचं म्हणजे कोयत्याचा खाडा, मुकादमाची बोलणी आणि उचल फिटायची बाकी. गावात राहणाऱ्या बाईचंही फार वेगळं नसतं. तिथं खाड्याऐवजी कापूस वेचणी असते, सासूबाईंचा सल्ला असतो, आणि ही गोष्ट नवऱ्याला सांगायची लाज असते.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत असा डाग किंवा रक्तस्राव दिसणं दुर्मीळ नाही. साधारण चारपैकी एका गरोदर बाईला तो होतो आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं गरोदरपण पुढं नीट चालतं. म्हणून डाग दिसला की सगळं संपलं असं समजायचं कारण नाही. पण त्यात थोड्या जणी अशा असतात, ज्यांच्या जीवालाच धोका असतो. अडचण अशी, की नुसतं रक्त बघून या दोघींतला फरक घरी कळत नाही.

रक्त कशामुळे दिसतं?

कारणं मुख्यतः चार-पाच आहेत. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजताना, पाळीच्या तारखेच्या आसपास, थोडासा डाग पडू शकतो. गरोदरपणात पिशवीचं तोंड नाजूक होतं, त्यामुळे संबंधानंतरही थोडं रक्त दिसतं. यात सहसा धोका नसतो.

दुसरं कारण गर्भपात. कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस गर्भ आपोआप पडतात, आणि बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. त्यात निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बाईने पपई खाल्ली, घरकाम केलं किंवा एसटीने माहेरी गेली म्हणून असा गर्भ पडत नाही. उसाच्या मोळ्या वाहण्यासारखं जड काम गरोदरपणात टाळायलाच हवं, तो वेगळा मुद्दा. पण गर्भ पडल्यावर ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणून बाईला बोल लावणं चूक आहे. या बोलांच्या भीतीनेच पुढच्या वेळी ती डाग लपवते.

तिसरं कारण सगळ्यात घातक आहे. शंभरात एखाद-दुसऱ्या बाईचा गर्भ पिशवीत न रुजता गर्भनळीत रुजतो. हा गर्भ वाचत नाही. नळी अरुंद असते, गर्भ वाढला की ती फुटते आणि रक्त पोटातल्या पोटात साचतं. बाहेर दिसतो तो फक्त थोडासा तांबूस किंवा काळपट डाग. म्हणजे ‘थोडंच जातंय, काही नाही’ हा अंदाज नेमका इथंच फसतो. बाहेर कमी रक्त आणि आत जीवघेणा रक्तस्राव, असं होऊ शकतं. अशा वेळी लघवीची तपासणीही ‘गरोदर आहे’ असंच दाखवते, म्हणून घरचे निश्चिंत राहतात.

चौथं कारण द्राक्षगर्भ. हा क्वचित आढळतो. यात गर्भाऐवजी द्राक्षाच्या घडासारखी गाठींची वाढ होते. याला उपचार आणि नंतर काही महिने तपासण्या लागतात.

मग घरी ठरवायचं काय?

ठरवायच्या गोष्टी दोनच आहेत: आज जायचं की आत्ता.

पाळी चुकलेली आहे किंवा दिवस गेल्याचं माहीत आहे, आणि डाग दिसला, तर कितीही थोडा असला तरी त्याच दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला कळवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. पाळी लांबलीय पण दिवस गेलेत का हे नक्की नसेल, तर आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. लघवीच्या तपासणीने पाच-दहा मिनिटांत कळतं.

खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर रात्र असो की पहाट, थांबायचं नाही. 108 ला फोन करायचा:

- तासाभरात एक पॅड किंवा घडी पूर्ण भिजतेय, किंवा मोठ्या गाठी पडतायत
- ओटीपोटात जोरात दुखतंय, विशेषतः एका बाजूला
- खांद्याच्या टोकाशी दुखतंय (पोटात साचलेल्या रक्तामुळे तिथं दुखतं)
- चक्कर येतेय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, घाम सुटलाय, बाई बेशुद्ध पडली
- ताप-थंडी आहे, किंवा अंगावरून घाण वास येणारा स्राव जातोय

आधी एकदा नळीत गर्भ राहिला असेल, नळीचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा तांबी असताना दिवस गेले असतील, तर धोका जास्त असतो. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेली बाई ‘मला कसे दिवस जातील’ म्हणते. पण क्वचित ऑपरेशन अयशस्वी होतं, आणि तेव्हा गर्भ नळीत असण्याची शक्यता बरीच असते.

गाडी येईपर्यंत बाईला आडवं झोपवावं. चक्कर येत असेल तर मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये. काढा, मेडिकलमधली पोटदुखीची गोळी, जेवण यातलं काही देऊ नये, कारण ऑपरेशन लागू शकतं. मांसाचा तुकडा किंवा गाठ पडली असेल तर स्वच्छ डब्यात ठेवून डॉक्टरांना दाखवावी. घरी कितीही विश्रांती घेतली तरी पडणारा गर्भ थांबतो, असा पुरावा नाही. ‘झोपून राहा, थांबंल आपोआप’ या सल्ल्यात फक्त वेळ जातो.

योजना आहेत, पण पहिले तीन महिने?

गरोदर बाईसाठी सरकारी योजना कमी नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषधं, रक्त आणि वाहन मोफत आहे. 102 ची गाडी खास गरोदर मातांसाठी आणि लहान बाळांसाठी आहे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी होते.

पण 9 तारखेची ती तपासणी मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या मातांसाठी आहे. नळीतला गर्भ फुटतो तो बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा नियम आहे, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या दहापैकी सुमारे सात मातांची पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झालेली दिसली. म्हणजे तीन जणी तेव्हा कुठल्याच वहीत नव्हत्या. आणि बारावा आठवडा गाठून नोंद झाली, तरी सहाव्या आठवड्यात डाग दिसलेल्या बाईला तिचा उपयोग नाही. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याच्या जवळपास गरोदर महिलांना रक्तक्षय आढळला होता. ज्या बाईच्या अंगात रक्त आधीच कमी आहे, तिला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

दुसरी अडचण सोनोग्राफीची. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे सांगणारी मुख्य तपासणी तीच. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा नसते. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं, आणि तिथं मशीन असलं तरी ते चालवणारे डॉक्टर रोज असतीलच असं नाही. परिणामी बाई खाजगीत जाते किंवा परत घरी येते.

इथं एक गैरसमज दूर व्हायला हवा. गर्भलिंग तपासायला 1994 च्या कायद्याने बंदी आहे, सोनोग्राफीला नाही. रक्तस्राव होणाऱ्या बाईची सोनोग्राफी कायदेशीर आहे आणि तिने गर्भाला इजा होत नाही. पाच-सहा आठवड्यांच्या आत कधीकधी काहीच दिसत नाही. मग डॉक्टर 48 तासांनी रक्ताची तपासणी पुन्हा करायला किंवा आठ-दहा दिवसांनी परत यायला सांगतात. घरच्यांना वाटतं, पैसे काढायचा धंदा आहे. तसं नाही. पहिल्या वेळी दिसलं नाही म्हणजे गर्भ नळीत असण्याची शंका मिटलेली नसते, म्हणून ती दुसरी फेरी चुकवायची नसते.

गोळ्या खाल्ल्या असतील तर

नको असलेलं गरोदरपण मेडिकलमधून गोळ्या आणून ‘मोकळं’ करायची पद्धत खेड्यापाड्यांत आहे. कायद्याने गर्भपात डॉक्टरांच्या देखरेखीखाली करता येतो. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतल्या महिलांसाठी ही मुदत दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवडे झाली, आणि बाईचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. परस्पर गोळ्या खाण्यातला धोका असा, की गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही. अंगावर लाल जातं, बाईला वाटतं सुटलो, आणि आत नळी वाढतच राहते. म्हणून गोळी खाल्ली असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं. उपचार त्यावर ठरतात.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही पहिल्यांदा सांगावं. अशा बाईला 72 तासांच्या आत एक इंजेक्शन लागू शकतं. ते चुकलं तर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो.

तोडीला जाण्याआधी

गाड्या भरायच्या आधी या गोष्टी होऊ शकतात. पाळी लांबली असेल तर निघण्याआधी निश्चय किटने तपासणी आणि आशाताईंकडे नोंद. माता व बाल संरक्षण कार्डावर रक्तगट लिहून घेणं आणि ते कार्ड, आधारसोबत, गाडीतल्या पेटीत टाकणं. त्या कार्डावर दुसऱ्या तालुक्यातही तपासणी होते. तळावर पोचल्यावर जवळचं आरोग्य केंद्र कुठं आहे आणि तिथल्या आशाताईंचा नंबर काय, हे विचारून ठेवणं. 108 राज्यात कुठूनही लागतो.

बाकीचं काम बाईचं नाही. तालुका आरोग्य कार्यालयाने सोनोग्राफी कुठल्या वारी आणि कुठं होते, ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. मुकादमाने रक्तस्राव होणाऱ्या बाईच्या दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये, हे कारखान्याने सांगून ठेवावं. ग्रामसभेत हे दोन विषय हंगामाच्या आधी घेता येतात. आणि घरातल्या पुरुषांनी एवढंच करावं, की बायको ‘डाग दिसलाय’ म्हणाली तर ‘बघू दोन दिवस’ न म्हणता त्याच दिवशी तिच्यासोबत निघावं.